विश्लेषण : लिनक्स संगणक सुरू होताना तपासणीत का अडकतो? आधी संगणक सुरू करायचा की फाइल वाचवायच्या?

वीज जाते आणि दोन मिनिटांनी परत येते. कार्यालयातील लिनक्स संगणक पुन्हा सुरू केला जातो; मात्र नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटतात. ‘अनपेक्षित विसंगती आढळली, एफएससीके स्वतः चालवा’ अशा अर्थाचा त्यातील मुख्य संदेश असतो. शोध घेतला की त्यावर एका ओळीचा उपाय हमखास सापडतो : आज्ञा टाइप करा आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणा. बऱ्याचदा त्याने संगणक सुरू होतोही. पण काही वेळा याच ‘हो’मुळे वाचू शकणारे हिशेब, छायाचित्रे आणि कागदपत्रे कायमची हातची जातात. ही तपासणी नेमके काय करते, ती अपयशी का ठरते आणि दुरुस्तीचा सुरक्षित क्रम कोणता, याचा हा आढावा...

हा प्रश्न फक्त अभियंत्यांचा आहे का?

नाही. लिनक्स केवळ सर्व्हरपुरते राहिलेले नाही. घरातील वायफाय राउटर, दुकानातील सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, अनेक सेट-टॉप बॉक्स यांच्या आत लिनक्सच चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने सरकारी कार्यालयांसाठी ‘बॉस’ ही लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांत लिनक्स अनेक वर्षांपासून वापरात आहे. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली स्वीकारल्याचे २०२३ मध्ये समोर आले होते.

सर्वात मोठा वापर मात्र खिशातला आहे. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच असतो आणि फोनमधील साठवण ‘ईएक्सटी४’ किंवा ‘एफटूएफएस’ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर चालते. २०१० च्या अखेरीस आलेला ‘नेक्सस एस’ हा ईएक्सटी४ वापरणारा पहिला अँड्रॉइड फोन होता. फोन सुरू होताना त्याच्याही साठवणुकीची तपासणी होते. ती जमली नाही तर ‘तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो’ असे सांगत फोन दोन पर्याय देतो : पुन्हा प्रयत्न करा किंवा फॅक्टरी रीसेट करा. म्हणजे पेच तोच आहे. यंत्र सुरू करायचे की त्यातील माहिती वाचवायची?

फाइल सिस्टीम म्हणजे काय?

हार्ड डिस्क किंवा एसएसडीला फाइल, फोल्डर, नाव असे काही कळत नाही. तिच्याकडे असतात ते क्रमांक दिलेले छोटे कप्पे. लिनक्समधील सर्वाधिक प्रचलित ईएक्सटी४ मध्ये असा एक कप्पा, म्हणजे ब्लॉक, साधारणपणे ४ केबीचा असतो. कोणता मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, कोणते ब्लॉक रिकामे आहेत, कोणती फाइल कोणाच्या मालकीची आहे, हा सारा हिशेब ठेवणारी यंत्रणा म्हणजे फाइल सिस्टीम. डिस्क हे गोदाम मानले, तर फाइल सिस्टीम ही गोदामाची नोंदवही.

या नोंदवहीचे चार भाग महत्त्वाचे. पहिला ‘सुपरब्लॉक’. संपूर्ण फाइल सिस्टीमचा आकार, ब्लॉकचा आकार, शेवटी ती नीट बंद झाली होती की नाही, अशी मूलभूत माहिती त्यात असते. दुसरा ‘आयनोड’. प्रत्येक फाइलचा एक आयनोड असतो. फाइलचा आकार, मालक, वेळा आणि तिचा मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे त्यात लिहिलेले असते. तिसरा भाग डिरेक्टरीच्या नोंदींचा. फाइलचे नाव आयनोडमध्ये नसते, ते डिरेक्टरीत असते. डिरेक्टरी म्हणजे ‘अमुक नाव म्हणजे अमुक क्रमांकाचा आयनोड’ अशी यादी. चौथा भाग म्हणजे कोणते ब्लॉक व आयनोड वापरात आहेत आणि कोणते मोकळे, हे दाखवणारे नकाशे. नाव एकीकडे आणि फाइलचा तपशील दुसरीकडे, ही रचना लक्षात ठेवायला हवी. दुरुस्तीनंतर फाइल सापडते पण तिचे नाव सापडत नाही, याचे कारण तेच.

हिशेबात विसंगती येते कशी?

एखाद्या फाइलमध्ये एक परिच्छेद वाढवणे हे वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकच काम असते. डिस्कवर मात्र त्यासाठी अनेक ठिकाणी लिहावे लागते. मोकळा ब्लॉक शोधून तो ‘वापरात’ असा नोंदवायचा, त्यात मजकूर भरायचा, आयनोडमध्ये नवा आकार आणि ब्लॉकचा पत्ता लिहायचा, मोकळ्या जागेची बेरीज बदलायची. यातील दोन नोंदी झाल्या आणि तिसरीआधी वीज गेली, तर नोंदवहीतील दोन पाने एकमेकांशी जुळत नाहीत. हीच विसंगती.

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून ही अडचण आहे. त्यासाठी टेड कोवाल्स्की यांनी ‘एफएससीके’, अर्थात फाइल सिस्टीम तपासनीस, हा प्रोग्रॅम लिहिला. संगणक अचानक बंद पडला की पुढच्या वेळी तो पूर्ण डिस्क चाळून हिशेब जुळवत असे. डिस्क लहान होत्या तोवर हे चालून गेले. डिस्क वाढत गेल्या तसा तपासणीला लागणारा वेळही वाढत गेला.

त्यावरचा उपाय म्हणजे जर्नल. जुन्या पेढ्यांवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवत आणि मग खतावणीत नेत. जर्नलची पद्धत तशीच आहे. नोंदवहीत कोणते बदल करायचे आहेत ते आधी जर्नलमध्ये लिहिले जाते, तिथली नोंद पूर्ण झाली की मग मूळ जागी बदल होतात. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी जर्नल वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा खतावणीत चढवले जातात आणि अर्धवट सोडून दिले जातात. लिनक्समध्ये ही सोय नोव्हेंबर २००१ मधील २.४.१५ या कर्नलसोबत ‘ईएक्सटी३’मधून मुख्य प्रवाहात आली. डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या कर्नलपासून ईएक्सटी४ स्थिर मानली गेली.

जर्नल असूनही तपासणी अपयशी का ठरते?

जर्नल नेहमीच्या ‘वीज गेली’ या प्रसंगासाठी पुरेसे असते. अशा वेळी संगणक सुरू होताना जर्नल काही क्षणांत वाचले जाते आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. त्यामुळे तपासणी थांबली आणि मदत मागू लागली, तर नेहमीपेक्षा काहीतरी वेगळे घडले आहे, असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा.

ही वेगळी कारणे साधारण पाच. एक, डिस्कमधील खराब झालेले सेक्टर. नोंदवहीचे पानच वाचता येत नसेल तर जर्नल काय करणार? दोन, डिस्कचा स्वतःचा तात्पुरता साठा. ‘लिहिले’ असे सांगूनही डिस्कने मजकूर प्रत्यक्षात आपल्या तात्पुरत्या स्मृतीतच ठेवला असेल, तर वीज जाताच लिहिण्याचा ठरलेला क्रम मोडतो. स्वस्त पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत ही भीती अधिक. तीन, सैल किंवा खराब केबल. चार, सदोष रॅम. तिच्यातून चुकीचीच माहिती डिस्कवर गेली, तर जर्नल ती चूकही इमानेइतबारे लिहून ठेवते. आणि पाच, सॉफ्टवेअरमधील दोष.

आणखी एक मर्यादा आहे. ईएक्सटी४ नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये फक्त नोंदवहीतील बदल लिहिते, फाइलमधील मजकूर नाही. हे जर्नलही साधारण दर ५ सेकंदांनी डिस्कवर पक्के होते. त्यामुळे फाइल सिस्टीम पूर्ण ठणठणीत असूनही वीज जाण्यापूर्वीच्या काही क्षणांतील काम गेलेले असू शकते.

संगणक सुरू होताना नेमके काय होते?

कोणत्या विभागाची तपासणी कधी करायची, हे ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये ठरते. तिच्या प्रत्येक ओळीतील शेवटचा आकडा तपासणीचा क्रम सांगतो : मूळ विभागाला १, इतरांना २, आणि ० म्हणजे तपासणी नको. फाइल सिस्टीम गेल्या वेळी नीट बंद झाली असेल आणि तिच्यावर दोषाची खूण नसेल, तर तपासनीस सुपरब्लॉक पाहून लगेच बाजूला होतो.

तशी खूण असेल तर तो प्रत्यक्ष तपासणी करतो, पण हात राखून. सुरुवातीच्या या तपासणीत फक्त निर्धोक दुरुस्त्या आपोआप केल्या जातात. ज्या दुरुस्तीत माहिती गमावण्याची शक्यता आहे, तिथे तपासनीस थांबतो आणि निर्णय माणसावर सोपवतो. ‘स्वतः चालवा’ या संदेशाचा अर्थ एवढाच. संगणक मेला असा तो नव्हे. ‘पुढचा निर्णय जोखमीचा आहे, तो मी घेणार नाही’ असे यंत्र सांगत असते.

तपासनीस काम संपताना एक आकडाही देतो. ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, २ म्हणजे दुरुस्त झाले पण संगणक पुन्हा सुरू करा, ४ म्हणजे दोष तसेच राहिले आणि ८ म्हणजे तपासणीच नीट होऊ शकली नाही. ४ आला आणि दोष मूळ विभागात असेल, तर उबुंटू आणि डेबियनमध्ये ‘इनिटरॅमएफएस’ असे लिहिलेला छोटा आज्ञापट समोर येतो. इतर काही प्रणालींत ‘इमर्जन्सी मोड’ येतो आणि प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो.

तपासनीस दुरुस्ती कशी करतो?

ईएक्सटी४ चा तपासनीस पाच टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात सर्व आयनोड वाचून त्यांचे आकार आणि ब्लॉकचे पत्ते शक्य कोटीतले आहेत का, दोन फाइल एकाच ब्लॉकवर हक्क सांगत आहेत का, हे पाहिले जाते. दुसऱ्यात डिरेक्टरींची रचना तपासली जाते. तिसऱ्यात प्रत्येक डिरेक्टरी मूळ डिरेक्टरीपर्यंत जोडलेली आहे का, ते पाहतात. चौथ्यात प्रत्येक आयनोडकडे किती नावे बोट दाखवतात याची मोजदाद होते. पाचव्यात मोकळ्या-वापरलेल्या ब्लॉकचे नकाशे प्रत्यक्षाशी ताडून पाहिले जातात.

ज्या फाइलचा आयनोड शाबूत आहे, पण तिचे नाव असलेली डिरेक्टरी नष्ट झाली आहे, ती फाइल ‘लॉस्ट+फाउंड’ या फोल्डरात ठेवली जाते. तिथे तिला नाव नसते. आयनोडचा क्रमांक हेच तिचे नाव. म्हणून मोठ्या दुरुस्तीनंतर हजारो क्रमांकांचा ढीग समोर येऊ शकतो. त्यातील कोणते बिल आणि कोणता फोटो, हे प्रत्येक फाइल तपासूनच ठरवावे लागते.

प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यात धोका कोणता?

गैरसमज इथेच होतो. तपासनिसाचे काम फाइल वाचवणे हे नाही. नोंदवही आपापसांत जुळती करणे हे आहे. बहुतेकदा या दोन गोष्टी एकत्र साधतात, पण नेहमीच नाही. एखादा आयनोड अर्थशून्य दिसत असेल, तर हिशेब जुळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो पुसून टाकणे. तसे केले की नोंदवही सुसंगत होते. फाइल मात्र जाते. तपासनिसाच्या दृष्टीने हे यशच असते.

‘सगळ्याला हो’ हा पर्याय दिला की असे शेकडो निर्णय क्षणात घेतले जातात आणि ते मागे घेता येत नाहीत. डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर धोका दुप्पट. वाचता न आलेल्या पानांना तपासनीस ‘रिकामे’ किंवा ‘चुकीचे’ समजू शकतो आणि त्या समजुतीवर पुढचे लिखाण करतो. शिवाय संपूर्ण डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याचा ताण तिच्या उरल्यासुरल्या आयुष्यावर पडतो.

आणखी दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, वापरात असलेल्या, म्हणजे माउंट केलेल्या विभागावर दुरुस्ती चालवणे. कर्नल आणि तपासनीस दोघेही एकाच नोंदवहीत एकाच वेळी लिहू लागले, तर धड असलेली फाइल सिस्टीमही बिघडते. म्हणूनच तपासनीस त्याआधी मोठा इशारा देतो. तो डावलू नये. दुसरी चूक म्हणजे त्रास नको म्हणून तपासणीच कायमची बंद करणे. एफएसटॅबमधील आकडा ० केला किंवा कर्नलला तपासणी वगळण्याची सूचना दिली, तर संगणक सुरू होतो. पण बिघडलेल्या नोंदवहीवर नवे व्यवहार लिहिले जातात आणि रिकामा समजून भरलेला ब्लॉकही नव्या फाइलला दिला जाऊ शकतो.

याचा अर्थ आपोआप ‘हो’ म्हणणे सर्वत्र चूक आहे असेही नाही. रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीत सुरू होताना सर्व दुरुस्त्या आपोआप करण्याची सूचना आधीपासून दिलेली असते. हे छोटे संगणक अनेकदा पडदा-कीबोर्डविना कुठेतरी बसवलेले असतात. तिथे प्रश्न विचारला तरी उत्तर द्यायला कोणी नसते. शेतातील तापमान मोजणाऱ्या यंत्राला हा नियम योग्य आहे. पतसंस्थेच्या खात्यांच्या संगणकाला तो योग्य नाही.

मग सुरक्षित क्रम कोणता?

पहिली पायरी म्हणजे काहीही टाइप न करता पडद्याचा फोटो काढणे. कोणत्या विभागात, कोणत्या प्रकारचा दोष, हे त्या ओळींत लिहिलेले असते. ‘इनपुट-आउटपुट एरर’ असे शब्द दिसले तर संशय डिस्कवर घ्यावा आणि वारंवार संगणक चालू-बंद करणे थांबवावे.

दुसरी पायरी, संगणक त्या डिस्कवरून नव्हे तर पेनड्राइव्हवरील ‘लाइव्ह’ लिनक्सवरून सुरू करणे. मूळ विभाग वापरात नसेल तरच त्याची तपासणी सुरक्षितपणे करता येते. अमेरिकी अंतराळ संस्था ‘नासा’ने हाच विचार मंगळावर केला होता. जानेवारी २००४ मध्ये उतरल्यानंतर काही दिवसांतच ‘स्पिरिट’ ही बग्गी पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागली. तिच्यात लिनक्स नव्हते, पण बिघाड फ्लॅश स्मृतीतील फाइलींच्या व्यवस्थापनातच होता. अभियंत्यांनी तिला फ्लॅश स्मृती न वापरता सुरू होण्याची आज्ञा दिली, मग कारण शोधले आणि शेवटी ती स्मृती फॉरमॅट केली. बग्गीशी संपर्क त्यानंतर २०१० पर्यंत टिकला.

तिसरी पायरी, डिस्कची प्रकृती पाहणे. ‘स्मार्ट’ या यंत्रणेत डिस्क स्वतःच्या दोषांची नोंद ठेवते. बदललेल्या सेक्टरांचा किंवा वाचण्याच्या प्रतीक्षेतील सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर डिस्क जात आहे. त्याऐवजी केबलवरील चुकांचा आकडा वाढलेला असेल, तर डिस्क नव्हे तर केबल बदलून पाहावी.

चौथी पायरी सर्वात महत्त्वाची आणि सर्वाधिक टाळली जाणारी आहे : संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणे. त्यासाठी तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची दुसरी डिस्क लागते. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, अवघड जागा नंतरसाठी ठेवते आणि कुठे अडले याची नोंद ठेवते. एकदा प्रत झाली की दुरुस्तीचे प्रयोग प्रतीवर करता येतात. फसले तर मूळ डिस्क जागेवरच असते. डिस्क कूटबद्ध असेल, तर प्रत काढल्यावर ती आधी पासवर्डने उघडावी लागते, तपासणी त्यानंतर.

पाचवी पायरी, काहीही न लिहिता तपासणी. तपासनिसाला ‘फक्त वाच, प्रत्येक प्रश्नाला नाही म्हण’ असे सांगता येते. किती आणि कशा प्रकारचे दोष आहेत याचा अंदाज त्यातून येतो. मात्र या पद्धतीत जर्नल वापरले जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त दोष दिसू शकतात. यादी पाहून घाबरून जाऊ नये. याच टप्प्यावर विभाग केवळ वाचण्यासाठी माउंट करून महत्त्वाच्या फाइल काढून घेता येतात का, ते पाहावे. इथेही एक मेख आहे : ‘फक्त वाचण्यासाठी’ माउंट केले तरी ईएक्सटी४ जर्नलमधील व्यवहार डिस्कवर चढवते. खरोखर काहीच लिहायचे नसेल तर ‘नोलोड’ हा पर्यायही सोबत द्यावा लागतो.

सहावी पायरी, प्रतीवर प्रत्यक्ष दुरुस्ती. सुपरब्लॉकच वाचता येत नसेल तरी आशा संपत नाही. फाइल सिस्टीम तयार होतानाच त्याच्या प्रती ठरावीक अंतरांवर ठेवलेल्या असतात. ब्लॉक ४ केबीचा असेल तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर, त्यानंतरची ९८३०४ वर सापडते. तपासनिसाला तो क्रमांक दिला की तो त्या प्रतीवरून काम सुरू करतो. त्यापूर्वी आपण योग्य विभागावरच काम करत आहोत ना, याची खात्री करावी. चुकून पूर्ण डिस्कचे नाव दिले तरी ‘सुपरब्लॉक सापडत नाही’ असाच संदेश येतो आणि नसलेल्या रोगावर उपचार सुरू होतात.

दुरुस्ती झाली की तपासणी पुन्हा एकदा करावी. दुसऱ्या वेळी ० आला तरच नोंदवही जुळली असे समजावे. मग ‘लॉस्ट+फाउंड’ पाहावे आणि महत्त्वाच्या फाइल प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. कारण तपासनिसाने ‘सर्व ठीक’ म्हणणे म्हणजे नोंदी ठीक. मजकूर ठीक असल्याची हमी तो देत नाही. ईएक्सटी४ आपल्या नोंदींची बेरीज-पडताळणी करू शकते, ही सोय २०१२ मधील ३.५ या कर्नलपासून आहे. फाइलमधील मजकुराची पडताळणी मात्र ती करत नाही.

सर्व फाइल सिस्टीमना हाच नियम आहे का?

नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्समध्ये २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून ‘एक्सएफएस’ वापरली जाते. तिच्यासाठी सुरुवातीचा तपासनीस मुद्दामच काही करत नाही. जर्नल वाचण्याचे काम माउंट करतानाच होते. ते जमले नाही तर स्वतंत्र दुरुस्ती साधन वापरावे लागते. त्यातील जर्नल पुसून टाकण्याचा पर्याय अगदी शेवटचा, कारण त्यासोबत न चढवलेले व्यवहारही जातात. फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्तीत २०२० पासून ‘बीटीआरएफएस’ आहे. तिची दुरुस्तीची आज्ञा जाणकाराच्या सल्ल्याशिवाय चालवू नये, असा इशारा खुद्द साधनच देते. त्यामुळे आधी आपली फाइल सिस्टीम कोणती ते ओळखावे, मग उपाय शोधावा.

दोष नेहमी फाइल सिस्टीमचाच असतो का?

दोन अलीकडची उदाहरणे बोलकी आहेत. २०१८ च्या अखेरीस लिनक्स ४.१९ वापरणाऱ्या काहींच्या ईएक्सटी४ विभागांत बिघाड होऊ लागले. संशय अर्थातच ईएक्सटी४ वर गेला. तपासाअंती दोष तिच्या खालच्या थरात, डिस्ककडे जाणाऱ्या मागण्यांची रांग लावणाऱ्या भागात निघाला. नोंदवही बिघडली होती, पण चूक कारकुनाची नव्हती. वाटेत कागद बदलणाऱ्याची होती.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०२३ चे. डेबियनची १२.३ ही आवृत्ती बाहेर पडण्याच्या ऐन वेळी तिच्यातील ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ वरील माहिती बिघडवणारा दोष असल्याचे लक्षात आले. नव्या कर्नलमधील एक सुधारणा जुन्यात आणली गेली होती, पण ती ज्या बदलावर विसंबून होती तो बदल आणायचा राहिला होता. डेबियनने वापरकर्त्यांना अद्ययावत न करण्याचा सल्ला दिला, १२.३ च्या प्रती रोखल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, ६.१.६६ कर्नलसह १२.४ प्रसिद्ध केली. असा दोष फाइलमधील मजकूर बिघडवतो तेव्हा नोंदवही जुळतीच राहू शकते. तपासनिसाला तो दिसेलच असे नाही. तिथे बॅकअपशिवाय दुसरा उपाय नसतो.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून काय करावे?

वीज वारंवार जाणाऱ्या भागात संगणकाला यूपीएस हवाच. यूपीएस किती मिनिटे टिकतो त्यापेक्षा तो संगणकाला नीट बंद होण्याची आज्ञा देतो का, हे महत्त्वाचे. यूपीएस यूएसबी केबलने जोडून ती सोय सुरू करता येते. बहुतेक ठिकाणी केबल खोक्यातच राहते. संगणक अडकला म्हणून पॉवरचे बटण दाबून धरणे हाही डिस्कच्या दृष्टीने वीज जाण्याचाच प्रकार आहे.

काम सुरू असताना अचानक ‘फाइल सिस्टीम फक्त वाचनासाठी आहे’ असा संदेश आला, तर तो धोक्याचा पहिला इशारा. उबुंटू, डेबियनमध्ये दोष आढळला की मूळ विभागावरील लिखाण थांबवण्याची सूचना दिलेली असते. अशा वेळी ‘पुन्हा सुरू करून बघू’ म्हणण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. रीस्टार्टनंतर तीच संधी मिळेल याची खात्री नसते.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातील एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही लागू आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड यंत्रणा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची दुरुस्ती तीही तितक्याच तत्परतेने दोन्ही डिस्कवर उतरवते. बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणता येते का, हे अधूनमधून करून पाहावे. फोनच्या बाबतीत तर हाच एकमेव भरवशाचा मार्ग आहे. आजच्या फोनमधील साठवण कूटबद्ध असते. त्यामुळे रीसेटनंतर चावी पुसली गेली की तज्ज्ञांनाही फारसे काही करता येत नाही.

लिनक्स मोफत मिळते म्हणून शाळा, ग्रंथालये, छोट्या संस्था ते स्वीकारतात आणि परवान्याचा खर्च वाचतो. त्या बचतीतील थोडा भाग एका जादा डिस्कवर आणि यूपीएसवर खर्च झाला, तर काळ्या पडद्यावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाते. प्रत हाताशी असेल तर ‘हो’ म्हणायला हरकत नाही. ती नसेल, तर आधी प्रत काढावी. संगणक एक दिवस उशिरा सुरू झाला तरी चालेल.